सातवी ब आणि बसलेलं झाड

सिंहगड रोडला आतल्या गल्लीत एक मराठी शाळा आहे. नाव देत नाही, देऊन फार फरकही पडणार नाही कारण असे वर्ग पुण्यात पावलोपावली सापडतील. सेमी इंग्लिश, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकीचं मराठीतून. वर्ग सातवी ब, पटावर ४६, रोज येणारे चाळीसच्या आतबाहेर. निम्म्यांच्या घरी लातूर-बीड-सोलापूरकडची मराठी, काहींच्या घरी कानडी, दोन-तीन घरं हिंदीवाली, वडील कुठे वॉचमन, कुठे टेम्पोवर, कुठे सोसायट्यांमधे प्लंबिंगची कामं. मी तिथे वाचनतासाला जाते, हौसेनं, त्यामुळे खाली लिहितेय ते मागच्या बाकावर बसून बघितलेलं आहे आणि काही बाईंनी नंतर चहा पिता पिता सांगितलेलं.

मराठीच्या बाई चांगल्या अनुभवी. कवितेच्या तासाची त्यांची पद्धत आपल्या सगळ्यांना माहितीये तीच, आधी चाल लावून म्हणायची, मग फळ्यावर शब्दार्थ, मग भावार्थ, मग प्रश्नोत्तरं आणि स्वाध्यायातले ते आकृतिबंध. पोरांना चाल आवडायची, त्यापुढचं सगळं ते सहन करायचे. प्रकरण सुरू झालं घटक चाचणीचे पेपर तपासताना. 'कवितेतील तुम्हांला आवडलेली कल्पना तुमच्या शब्दांत लिहा' असा प्रश्न होता आणि पेपरामागून पेपर तेच गाईडमधलं वाक्य, स्वल्पविरामासकट. त्यातही तिघांनी 'कवीने निसर्गाचे अतिशय सुंदर वर्णन केले आहे' असं लिहिलं होतं आणि गंमत म्हणजे कविता आईवरची होती. बाई म्हणाल्या, हे वाक्य यांना कुणी शिकवलं माहितीये का, आम्हीच. कुठल्याही कवितेखाली लावून दिलं की एक मार्क मिळतोच, मग पोरगं कविता वाचेल कशाला?

तर मग ठरलं की उपक्रम घ्यायचे. आता उपक्रम या शब्दाचं आपल्या शाळांमधे काय झालंय ते सांगायला नकोच, उपक्रम म्हणजे फोटो. पावसाच्या एका कवितेचा अभिनय बसवला, एक जण ढग, चौघं बेडूक, दोघी ओढणी हलवून नदी, छत्र्या आणल्या होत्या घरून. वर्ग अर्धा तास नुसता खदखदत होता, मुख्याध्यापिकाबाई दारात येऊन हसून गेल्या, फोटो ग्रुपवर गेले, बारा अंगठे आले. दुसऱ्या दिवशी बाईंनी सहज विचारलं, कवितेत पाऊस सकाळी पडतो का संध्याकाळी? कुणालाच सांगता येईना. बेडूक झालेल्यांना तर कवितेत बेडूक होता की नव्हता हेसुद्धा आठवत नव्हतं (नव्हता).

अभिनय वाईट असं मला म्हणायचं नाहीये. लाजाळू पोरं त्यात मोकळी होतात, ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही काम मिळतं, आणि हसतखेळत गेलेला तास कुणाचंच नुकसान करत नाही. पण तो पावसाचा अभिनय भूगोलातल्या मान्सूनच्या धड्यावरही जसाच्या तसा चालला असता. कविता काढून घेतली तरी उपक्रम तसाच्या तसा उभा राहतो, इथेच माझ्या मते सगळी मेख आहे. नंतर चार्ट स्पर्धा झाली, कवितेच्या ओळींची भेंडी पण झाली, ते मी सांगत बसत नाही, त्यांचंही तेच झालं. मग बाईंनी एक कसोटी लावायची ठरवली आणि ती मला फार आवडली, की ओळीकडे परत गेल्याशिवाय जो पुढे सरकतच नाही तोच उपक्रम घ्यायचा. भांडण झालं तर निकाल बाईंनी द्यायचा नाही, कवितेने द्यायचा.

कविता निवडली बालकवींची औदुंबर. आठ ओळी. पोरांच्या पुस्तकात नव्हती म्हणजे गाईडात उत्तर नाही, हा पहिला फायदा. दुसरा म्हणजे तिच्यात गोष्ट नाही, माणूस नाही, तात्पर्य तर अजिबात नाही. आपल्या पोरांना कविता दिसली की ती आधी खाली तात्पर्य शोधतात, झाडे लावा, आईवडिलांचा मान राखा, पाणी वाचवा. इथे काहीच मिळणार नव्हतं. स्टाफरूममधे एका सरांनी शंका काढलीच, अहो या कवितेवर समीक्षकांनी एवढं लिहून ठेवलंय आणि तुम्ही ती सातवीला देणार? बाईंचं म्हणणं असं की शब्द तर सगळे सोपे आहेत, झरा, गाव, पायवाट, डोह, झाड. 'तयांतुनि' एवढा एक जुन्या वळणाचा शब्द, तो सांगून टाकू.

पहिल्या जोड तासाला बाईंनी सातच ओळी वाचल्या, आठवी झाकून ठेवली. दोनदा वाचल्या, सावकाश, चाल न लावता. मग पाचपाच जणांचे गट, प्रत्येक गटाला जुन्या कॅलेंडरचं एक पान, मागची कोरी बाजू, आणि काम असं की या जागेचा नकाशा काढा. अट एकच, जे काढाल त्याच्याशेजारी कवितेतला शब्द लिहायचा, शब्द नसेल तर ती गोष्ट खोडायची.

आता महाराष्ट्रातल्या कुठल्याही पोराला 'सीन काढ' म्हटलं की काय काढतं? दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली येणारी नदी, कौलारू घर, नारळाचं झाड, आणि व्ही आकाराचे पक्षी. आठही गटांनी तेच काढलं. मग दुसऱ्या गटाची पोरं तपासायला आली आणि एकच गलका झाला, सूर्य कुठंय कवितेत? दाखव! खोड! नारळ कुठाय? खोड! एक मुलगा अगदी रडवेला झाला, त्याचा सूर्य फार सुंदर जमला होता, किरणं वगैरे पट्टीने काढलेली, तो म्हणे उजेड असल्याशिवाय हिरवं दिसेल कसं, म्हणजे सूर्य असणारच. युक्तिवाद चोख होता, पण शब्द नव्हता. बाईंनी कवितेकडे बोट दाखवलं आणि गप्प राहिल्या. शेवटी त्याने सूर्य कागदाच्या बाहेर, बाकावर खडूने काढला. ही तडजोड सगळ्यांना मान्य झाली.

मग 'चार घरांचे गाव चिमुकले'. बहुतेकांनी मोजून चार घरं काढली होती, एका गटाने सहा. लगेच खटला. सहावाल्या गटातली मुलगी उठून म्हणाली, बाई, माझी आजी म्हणते चार लोक काय म्हणतील, तेव्हा काय चारच लोक असतात का? वर्ग हसला, पण मुद्दा पास झाला, वर दुसऱ्याने भर घातली, चार पैसे मिळवायला पुण्यात आलो असं पप्पा म्हणतात. सहा घरं राहिली.

खरा घोळ झाला 'बेटाबेटातुन' या शब्दावर. शहरात वाढलेल्यांनी झऱ्याच्या मधोमध बेटं काढली, भूगोलातली, चहूबाजूंनी पाणी. मुळशीकडून आलेला एक मुलगा आहे वर्गात, तो म्हणाला ही बेटं नाहीत, बांबूचं बेट, आमच्याकडे ओढ्याच्या कडेनं असतात, त्याच्यातून पाणी जातं. आता दोन्ही अर्थ मराठीत आहेत आणि दोन्ही त्या ओळीत बसतात, झरा बेटांना वळसा घालून जाईल किंवा बांबूच्या दाटीतून जाईल. बाईंनी दोन्ही नकाशे भिंतीवर लावले. काही पोरांना हे पटलं नाही, त्यांना एकच बरोबर उत्तर पाहिजे होतं, बाई खरं काय ते सांगा ना म्हणून मधल्या सुट्टीपर्यंत मागे लागली होती.

मग ऐल आणि पैल. आपण कुठे उभे आहोत, हा प्रश्न बाईंनी टाकला तेव्हा एका गटाने स्वतःला ऐटीत टेकडीवर उभं केलं होतं, कारण व्ह्यू चांगला. दुसऱ्या गटाने तिथल्या तिथे पकडलं, टेकडी 'पैल' आहे म्हटलंय, म्हणजे ती पलीकडे, मग तुम्ही तिथे कसे? सांगणारा माणूस अलीकडच्या काठाला आला पाहिजे. खाडाखोड करून सगळ्यांनी एकेक बारीक ठिपका अलीकडे काढला. तेव्हा कुणीतरी विचारलं, मग पायवाट कुठून कुठे जाते? गावाकडून निघते, शेतमळ्यातून, हिरव्या कुरणातून, आणि येते काळ्या डोहाकडे. म्हणजे आपल्याकडेच येते की! हा शोध कवितेवर लिहिणाऱ्या कुणी आधी लावलाय की नाही मला कल्पना नाही, सातवी ब ने लावला, कॅलेंडरच्या मागच्या बाजूला. शेजारच्या वर्गातून आवाज कमी ठेवा म्हणून निरोप आला तो याच वेळी.

दुसऱ्या दिवशी झाकलेली ओळ. फळ्यावर लिहिलं, 'पाय टाकुनी जळात ____ असला औदुंबर', आणि शब्द भरायला सांगितला. औदुंबर म्हणजे उंबर हे निम्म्यांना माहीत नव्हतं, दत्ताच्या देवळात असतो तो, असं म्हटल्यावर ट्यूब पेटली. सांगलीकडची एक मुलगी आहे, तिने कृष्णाकाठच्या औदुंबर गावाची आणि तिथल्या दत्ताच्या देवळाची माहिती सांगितली, घाटावर पाणी कुठवर चढतं तेसुद्धा, त्यामुळे 'जळात पाय' तिला लगेच दिसले. शब्द यायला लागले. सगळ्यात आधी उभा. मग भिजला, डुलला, बुडला, पडला, निजला, झोपला, रुसला. मागून एक आवाज आला, घसरला.

आता निवडायचं कसं, तर मात्रा मोजून. वृत्त-मात्रा हे शब्द न वापरता बाईंनी सांगितलं की ऱ्हस्व अक्षराला एक टाळी, दीर्घाला दोन. वरच्या ओळी वाजवून बघितल्या. 'ऐल तटावर' आठ टाळ्या, 'पैल तटावर' आठ, 'निळासावळा' आठ, 'झरा वाहतो' आठ. हे असं तंतोतंत जुळतंय म्हटल्यावर पोरांचा विश्वासच बसेना, त्यांनी अजून दोन ओळी वाजवून खात्री केली, कविता मोजून बनवतात ही बातमी त्यांना नवीन होती. मग झाकलेली ओळ, 'पाय टाकुनी' आठ. 'जळात उभा' सात. परत वाजवली, परत सात. एक टाळी कमी पडतेय. उभा बाद. ज्यांनी उभा सुचवला होता ते चिडले कारण झाड उभंच असतं ना. उभा म्हणताना थोडं लांबवू की, असाही प्रयत्न झाला, उभाऽऽ, पण मग सगळेच शब्द लांबवता येतील म्हणून तो फेटाळला गेला. 'जळात झोपला' नऊ, बाद. घसरला पण त्याच हिशोबात गेला. उरले भिजला, डुलला, बुडला, पडला, निजला, रुसला, सगळे चार मात्रांचे, सगळे बसतात.

इथे टाळ्यांचं काम संपलं आणि वाद सुरू झाला, आणि मला वाटतं अख्ख्या प्रकरणातला सगळ्यात दाट भाग हाच होता. बुडला म्हणावं तर फक्त पाय पाण्यात आहेत, बुडेल कसा. पडला म्हणावं तर पाय 'टाकुनी' आहेत, पडणारा माणूस पाय टाकत नाही, टाकणं म्हणजे मुद्दाम, हे एका मुलीचं. निजला म्हणावं तर पाण्यात पाय घालून झोप लागते का. भिजला चालेल पण मग सांगायचं काय त्यात, पाण्यात पाय घातल्यावर भिजणारच. डुलला बराच वेळ टिकला होता, वाऱ्याने झाड डुलतं, पण वारा कवितेत कुठे आहे असं कुणीतरी विचारलं आणि सूर्य खोडलेल्या मुलाने फार समाधानाने 'खोड!' म्हणून सांगितलं. रुसला मात्र हटेना. रुसला असला, रुसला असला, म्हणायलाही छान लागतं, दोन्ही शब्दांचा शेवट जुळतो. त्याला उडवलं मागच्या बाकावरच्या एकाने, तो म्हणाला, बाई, रुसलेलं माणूस पाय पोटाशी घेऊन बसतं.

बाईंनी तेवढ्यात त्याला धरलं. काय म्हणालास? पाय पोटाशी घेऊन काय करतं?

बसतं.

फळ्यावर 'बसला' लिहिलं आणि तीन सेकंदांत पहिली प्रतिक्रिया आली, बाई, ही प्रिंटिंग मिस्टेक आहे. झाड बसत नाही. दुसरा म्हणाला टाळ्या तर बरोबर आहेत. मग विठ्ठलवाडीच्या घाटावर म्हातारी माणसं पाय सोडून बसतात ते निघालं, मग कुणी म्हणालं तो किती वेळ बसलाय, कुणी म्हणालं कुणाची तरी वाट बघतोय. बाईंनी विचारलं, वाट बघतोय हे कुठल्या शब्दात आहे? शोधलं, नव्हतं. खोडलं. एकटा आहे, हे कुठे आहे? 'एकटा' नाहीये पण 'बसला' एकवचनी आहे आणि कवितेत दुसरं कुणीच बसलेलं नाही, हे ठेवलं. एकाने घरून मोबाईलवर बघून आणलं होतं की औदुंबर म्हणजे विरक्त योगी. मला वाटलं बाई आता वैतागणार, पण त्यांनी त्यालाही तोच नियम लावला, शब्द दाखव. त्याने बराच विचार करून 'बसला' वर बोट ठेवलं, योगी बसतात. बरं, अर्धा मान्य. विरक्त दाखव. ते काही त्याला दाखवता आलं नाही, पण तो त्या दिवशी पहिल्यांदा मोबाईलवरचं वाक्य घेऊन कवितेत उतरला होता, मला तेवढं पुरे.

सातव्या ओळीत पाण्यावर पसरलेल्या 'गोड काळिमा' वर असंच झालं. काळिमा गोड कसा असेल? एकजण म्हणाला काळा गूळ, बिनकेमिकलवाला, तो गोडच असतो. दुसरा म्हणाला कोल्ड्रिंक. हसून झालं. मग एकतानगरीच्या बाजूला राहणारा एक मुलगा, एरवी बोलत नाही, तो म्हणाला आमच्या घरात पाणी आलं होतं ते पण काळं होतं, गोड नव्हतं. २०२४ च्या जुलैमधे मुठेचं पाणी तिथल्या सोसायट्यांत शिरलं होतं, वर खडकवासल्यातून विसर्ग आणि इकडे पाऊस, पुणेकरांना सांगायला नको. वर्गातल्या बऱ्याच पोरांनी ते पाहिलेलं आहे. बाईंनी त्याचं म्हणणं गोंजारलं नाही की पुसूनही टाकलं नाही, त्यांनी सरळ विचारलं, मग या कवीला ते गोड का वाटलं असेल? तो म्हणाला, त्याच्या घरात आलं नसेल. आणि दुसरी एक मुलगी म्हणाली, तो काठावर आहे ना, आपण ठिपका काढलाय की. नकाशा परत उघडला गेला, ठिपका काठावर होता, पाण्याच्या बाहेर. काव्यसौंदर्यावरचं इतकं नेमकं उत्तर मी दहावीच्या पेपरातही वाचलेलं नाही.

रंगांचा उपक्रम त्यामानाने साधा. ओळीत जो रंग असेल त्या पेन्सिलने समासात पट्टी ओढायची. हिरवी, निळी, तिसरी कोरी, परत हिरवी, पांढरी कशी ओढायची म्हणून चौकट, मग हिरवी आणि काळी, मग काळी, आणि शेवटची कोरी. घरी कानडी बोलणारा एक मुलगा आहे, वाचन कच्चं, अक्षर लावत लावत वाचतो, त्याने विचारलं बाई, गावाला आणि झाडाला रंग का नाही दिला? खरंच नाहीये. तिसरी ओळ गावाची आणि आठवी औदुंबराची, दोन्हींत रंगाचा एक शब्द नाही, आणि मी ही कविता लहानपणापासून पाठ म्हणत आले तरी हे कधी माझ्या लक्षात आलेलं नव्हतं. त्याचं कारण काय यावर चर्चा फारशी रंगली नाही, 'कवी विसरला असेल' इथपर्यंतच गेली. चालायचंच.

कवीची माहिती बाईंनी मुद्दाम सगळ्यात शेवटी दिली. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, जन्म १८९० धरणगावचा, १९०७ मधे जळगावच्या कविसंमेलनात 'बालकवी' ही पदवी मिळाली तेव्हा सतराव्या वर्षाच्या आसपास, आणि १९१८ मधे भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून गेले, वय २७. वर्गाला कविसंमेलनात काही रस नव्हता, सगळे प्रश्न रेल्वेचे. कानात हेडफोन होते का, हा प्रश्न अगदी गंभीरपणे आला आणि त्यावर हसलं कुणी नाही, कारण हल्ली रुळांवर माणूस गेला की तीच बातमी येते. नेहमीच्या पद्धतीत कवीपरिचय पहिल्या पाच मिनिटांत होतो आणि पोरं त्या मृत्यूच्या चष्म्यातून सगळी कविता बघतात, काळा डोह म्हणजे मरण वगैरे, ते इथे आपोआप टळलं. एका मुलीने नंतर ते जोडलंच, पण स्वतःहून.

उंबर बघायला जवळच्या दत्तमंदिरात नेलं. ही फेरी मला तशी आवडली पण कवितेला तिचा उपयोग थोडाच झाला हे सांगायला पाहिजे. उंबर फोडलं, आत बारीक किडे निघाले, मुलींनी किंचाळून घेतलं, विज्ञानाच्या सरांनी उंबराची फुलं फळाच्या आत असतात आणि त्या बारीक माश्या परागीकरण करतात हे समजावलं, उंबराचं फूल का म्हणतात तेही निघालं. छान तास झाला, विज्ञानाचा. देवळातला उंबर पारावर फरशीत जखडलेला, पाण्याचा पत्ता नाही, एकाने म्हटलंही की याचे पाय सिमेंटात आहेत.

आता यात काय काय अडलं तेही लिहिते, नाहीतर हे सगळं उपक्रमाच्या अहवालासारखं गोडगोड वाटेल. दोन तासांचं काम चारपेक्षा जास्त तासांवर गेलं, व्याकरणाचा पोर्शन मागे पडला. आठ गटांपैकी तीन गटांत एकदोन पोरंच बोलत होती, बाकीची कागद धरून बसली होती, बाईंनी मग लिहिणारा आणि बोलणारा वेगळा असा नियम केला, थोडा फरक पडला. हिंदीभाषक घरातल्या एका मुलीला कुरण, डोह, काळिमा सगळेच शब्द अडत होते, नकाशात तिला मजा आली पण झाकलेल्या शब्दाच्या वादात ती पूर्ण बाहेर राहिली, शब्द सुचवायलाच शब्द लागतात ना. पालकांपैकी एकांनी फोन करून विचारलं की ही कविता परीक्षेला आहे का, आणि नाही म्हटल्यावर पुढचा प्रश्न साहजिकच होता. उलट एका मुलाच्या आजोबांनी कविता घडाघडा म्हणून दाखवली आणि आमच्या वेळी पाठ नसली की छडी बसायची हेही सांगितलं.

फोटोंची पण पंचाईत झाली. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, शिक्षण परिषदेत उपक्रम सादर करायचा तर फोटो पाहिजेत, आणि फोटोत होतं काय, तर जुन्या कॅलेंडरवर खाडाखोड आणि तोंड उघडून एकमेकांवर ओरडणारी पोरं. बाईंनी छत्र्यावाला जुना फोटो वर लावला आणि खाली नकाशे. समोरच्यांनी छत्र्यांचंच कौतुक केलं.

पुढच्या आठवड्यात बाईंनी न बघितलेल्या चार ओळी दिल्या, स्वतःच रचलेल्या, दुपारच्या रिकाम्या बसस्टॉपवर. म्हणजे मोबाईलमधेही सापडणार नाहीत. आणि सूचना लिहिली, 'सुंदर वर्णन केले आहे' हे वाक्य वापरल्यास गुण नाहीत. निकाल संमिश्र. दहाबारा जणांनी खरंच शब्दावर बोट ठेवून लिहिलं, एकीने लिहिलं की 'बाकाला ऊन चिकटलंय असं म्हटलंय म्हणजे तिथे आत्ता कोणी बसणार नाही, बसलं तर चटका बसेल, म्हणून स्टॉप रिकामा आहे'. काहींनी बंदी घातलेलं वाक्य थोडं फिरवून लिहिलं, 'मनमोहक चित्रण' वगैरे. आणि उरलेल्यांनी ओळी परत उतरवून काढल्या. वर्ग बदलला असं काही मी म्हणणार नाही. पण पोरं आता कवितेत काय आहे आणि आपण काय घुसडलं यातला फरक विचारायला लागलीत, आणि 'खोड' हा वर्गाचा शब्द झालाय, गणिताच्या तासालासुद्धा ओरडतात म्हणे.

गुणांचा प्रश्न शिल्लक आहे. बसस्टॉपचं ते चटक्याचं उत्तर बाईंनी दुसऱ्या एका शिक्षिकेला तपासायला दिलं होतं, बाईंनी चारपैकी साडेतीन दिले होते, त्यांनी दीड दिला, कारण आशय नाही, कल्पना नाही, भाषाशैलीवर एक वाक्य नाही. दोघींचा त्यावर वाद झाला आणि मिटला नाही. सध्या बाईंनी वाट काढलीये ती अशी की हे सगळं आकारिक मूल्यमापनात (वर्गात वर्षभर होत राहणारं) तोंडी काम आणि उपक्रम/कृती या रकान्यांत टाकायचं, आणि संकलितच्या, म्हणजे सत्राअखेरच्या, लेखी पेपरासाठी वेगळी तयारी करून घ्यायची, गाईडच्या भाषेतली. दुहेरी काम आहे, पण मुख्याध्यापिकाबाईंना हे चालतं.

दुसऱ्या सत्रात अभंग आहे. सहा, सहा, सहा, चार अशी अक्षरं, मात्रा नाहीत, त्यामुळे टाळ्यांचा नियम बदलावा लागणार, एका अक्षराला एकच टाळी. शब्द झाकण्याची युक्ती तिथे चालणार नाही कारण पोरांना तो भजनामुळे पाठ आहे. त्याऐवजी एक शब्द बदलून, अक्षरं तेवढीच ठेवून, मुद्दाम कमी जोराचा शब्द घालून फळ्यावर लिहायचा आणि चूक पकडल्यावर विचारायचं की मग हाच का नको, असं ठरतंय. गट चारचार जणांचे, आणि त्या हिंदीवाल्या मुलीसाठी बाई आठवडाभर आधी शब्दांची यादी घरी देणार आहेत.